मुंबईतील ट्राम ते मेट्रो : प्रवासी अनुभवाचा ऐतिहासिक आढावा (इ.स. १८७४ ते २०१४)

प्रस्तावना :
शहरी वाहतुकीचा इतिहास बहुधा कंपन्या, करार व तंत्रज्ञान यांच्या अंगाने लिहिला जातो. प्रवासी त्यात केवळ संख्या म्हणून येतो. मनमाड-परभणी लोहमार्गावरील पेडगावसारख्या लहान स्थानकावर प्रवासी गाडीची वेळ पाहून येतो. मुंबईची ट्राम मात्र भर रस्त्यात, त्याच्या नित्याच्या वाटेवरच थांबत असे. हा भेद लक्षात घेऊन प्रस्तुत लेखात ट्राम व मेट्रो यांतील प्रवासी अनुभवाचा विचार केला आहे.

घोड्यांची ट्राम :
मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे आरंभीचे मार्ग होते. कुलाबा-पायधुणी प्रवासाचे भाडे तीन आणे होते व तिकीट दिले जात नसे. प्रतिसाद वाढताच भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट्या प्रवाशांना आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटे सुरू झाली. सेवेचे नियम प्रवाशांच्या वर्तनातून घडत गेले, हे यावरून स्पष्ट होते.

विद्युत ट्राम व तिचा अस्त :
७ मे १९०७ रोजी विजेवरील ट्राम धावू लागली. गर्दी वाढल्याने १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या. १९२६ मध्ये मोटारबस सुरू झाली आणि प्रवाशाला पर्याय मिळाला. बसला अडथळा टाळून बाजूने जाता येई. ट्रामला रूळ सोडता येत नसत. रस्त्यावर असणे हीच ट्रामची सोय होती आणि वाहने वाढताच तीच तिची अडचण ठरली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम धावली. ‘दादर टी.टी.’ या नावातील ‘ट्राम टर्मिनस’ तेवढे लोकांच्या बोलण्यात उरले.

मेट्रो : उंचावरील स्थानक :
८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटरच्या या मार्गावरील बाराही स्थानके उन्नत आहेत. रस्त्यावरील कोंडीतून गाडी मुक्त झाली, डबे वातानुकूलित झाले. परंतु जिना, सुरक्षा तपासणी व स्वयंचलित प्रवेशद्वार हे टप्पे प्रवासाचे भाग बनले. उद्वाहक व सरकते जिने असले, तरी वृद्ध, अपंग आणि ओझे घेतलेल्या प्रवाशांच्या दृष्टीने प्रवास रस्त्यापासूनच सुरू होतो.

निष्कर्ष :
ट्रामने सुलभता दिली, पण वेग गमावला. मेट्रोने वेग मिळविला, परंतु प्रवाशाला रस्त्यापासून वर नेले. म्हणून मेट्रोचे मूल्यमापन केवळ गाडीच्या वेगावर करणे अपुरे आहे. पदपथापासून फलाटापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ व श्रमही त्यात धरले पाहिजेत. ट्रामच्या नव्वद वर्षांच्या इतिहासाचा नियोजनकारांना हाच उपयोग आहे.