सॅम्पलिंग आणि स्वामित्वहक्क

सॅम्पलिंग म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातला एखादा तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवणे. गळ्यातली लकेर, तबल्याचा ठेका, व्हायोलिनांची एखादी फेक, काहीही चालते. तुकड्याची लय वाढवली, पट्टी बदलली किंवा तो गाणेभर फिरवत ठेवला, तरी आवाज मूळचाच राहतो. जुने गाणे नव्या गळ्यातून गाऊन घेणे ही कायद्याच्या दृष्टीने निराळी गोष्ट आहे. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. जितेंद्र अभिषेकींच्या चाली आणि नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांडे यांनी केलेली खाँसाहेबांची भूमिका यांनी ते नाटक अजरामर केले. २०१५ च्या चित्रपटात त्यातली पदे राहुल देशपांडे, महेश काळे यांनी नव्याने गायली. अशा गायनासाठी पदांचा आणि चालींचा हक्क ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी पुरते. वसंतरावांच्या तबकडीतली एक तान जरी तशीच घ्यायची म्हटली, तर तबकडीच्या मालकालाही विचारावे लागते.

एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन स्वतंत्र हक्क असतात आणि ते वेगवेगळ्या दिवशी संपतात. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षे. दोन्हींची मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. नागपुरात जन्मलेल्या राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ मध्ये राज्यगीत झाले. बढे १९७७ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत आहे. संगीतकार श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणून चालीचा हक्क २०७१ अखेरपर्यंत. याउलट १९६० मध्ये प्रकाशित झालेली कोणाचीही तबकडी २०२१ च्या पहिल्या दिवशी सर्वांना खुली झाली. जुनी तबकडी मोकळी झाली म्हणजे गाणे मोकळे झाले, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. नागपूर ही ज्यांची कर्मभूमी, त्या सुरेश भटांच्या ‘मालवून टाक दीप’मधला एक शब्द जरी तुकड्यात ऐकू आला, तरी २०६३ अखेरपर्यंत त्या शब्दाला धनी आहे.

सॅम्पलिंगसाठी भारतीय कायद्यात वेगळे कलम नाही. मूळ ध्वनिमुद्रण ज्यात समाविष्ट आहे असे दुसरे ध्वनिमुद्रण करण्याचा अधिकार कलम १४ ने मालकाला दिला आहे, आणि हे कलम कृतीच्या ‘भरीव भागा’लाही लागू होते. भरीव म्हणजे किती, हे न्यायालय ठरवते. अमुक सेकंदांपर्यंत उचललेले चालते, असा नियम कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात अगदी क्षुल्लक वापराकडे दुर्लक्ष करता येते असे मानले. पण गाण्याची ओळख ज्या लकेरीवर उभी आहे ती दोन सेकंदांची असली, तरी क्षुल्लक म्हणता येणार नाही. पाच वर्षांनंतर शब्द-चालीचे नवे गायन करण्याची मुभा देणारे कलम ३१ क इथे उपयोगी पडत नाही. ते कव्हर आवृत्तीपुरते आहे, मूळ आवाज त्यात येत नाही.

मराठी वाचकाने नीट पाहावा असा खटला अमेरिकेत झाला. ‘ज्योती’ (१९८१) या हिंदी चित्रपटासाठी लता मंगेशकर यांनी बप्पी लाहिरी यांच्या संगीतात ‘थोडा रेशम लगता है’ गायले. वीस वर्षांनी निर्माता डीजे क्विक याने तो आवाज उचलून ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’साठी वापरला. २००२ मध्ये ते गाणे अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोहोचले. परवानगी घेतलेली नव्हती, नावही दिलेले नव्हते. पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे सारेगामा, हिने ५० कोटी डॉलरची भरपाई मागितली. लाहिरी यांच्या अर्जावर लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने फेब्रुवारी २००३ मध्ये त्यांच्या नावाशिवाय अल्बम विकण्यास मनाई केली. वृत्तपत्रांनी ही भारतीय संगीतकाराच्या विजयाची बातमी म्हणून छापली. पुढे चित्र पालटले. लाहिरी यांनी हे काम ‘ज्योती’ काढणाऱ्या प्रमोद फिल्म्ससाठी मोबदला घेऊन केले होते, म्हणून चालीचे पहिले मालक ते नव्हतेच, असे ठरले. त्यांच्या वकिलाला तर खोटा दावा रेटल्याबद्दल २,४७,३९७ डॉलरचा दंड झाला आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

या सगळ्या कागदपत्रांत ज्या आवाजामुळे गाणे उचलले गेले त्या आवाजाला कोणताही हक्क नव्हता. ही गोष्ट मला या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते. गायकाचा हक्क भारतीय कायद्यात १९९५ मध्ये प्रथम आला. १९८१ मध्ये तो अस्तित्वातच नव्हता. लताबाईंनी १९६० च्या दशकात गायकांना रॉयल्टीत वाटा मिळावा म्हणून आग्रह धरला, त्यावरून महंमद रफी यांच्याशी मतभेद झाले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले. तो आग्रह हट्ट म्हणून सांगितला जातो. पुढे अमेरिकेत जे घडले ते पाहता तो दूरदृष्टीचा होता.

लाहिरी यांच्या पराभवामागे आपलाच १९७७ चा निवाडा आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या शब्द-चालीचा पहिला मालक निर्माता मानला. त्याच निवाड्याच्या तळटिपेत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाकडे कायद्याने लक्ष द्यावे अशी कळकळीची सूचना केली होती. तिची पूर्ण दखल घ्यायला संसदेला २०१२ उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा असा हक्क दिला की तो सहीने सोडता येत नाही. गायकाला व्यापारी वापरात रॉयल्टी मिळू लागली, आणि कलम ३८ ब प्रमाणे आपल्या गायनाशी आपले नाव जोडून घेण्याचा व प्रतिष्ठेला बाधेल असा विपर्यास रोखण्याचा हक्कही. रॉयल्टी गोळा करण्यासाठी २०१३ मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन नोंदली गेली. गायकाच्या या हक्काची मुदत मात्र ५० वर्षेच आहे, कंपनीच्या हक्कापेक्षा १० वर्षे कमी.

परदेशांतही एकमत नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या सहाव्या सर्किटने उचललेला तुकडा कितीही छोटा असला तरी परवाना लागतो असे म्हटले. २०१६ मध्ये नवव्या सर्किटने मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या पाव सेकंदाहून कमी सुरावटीबाबत याच्या उलट निकाल दिला. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तुकडा ऐकून ओळखता येत नसेल तर परवानगी नको, असा मार्ग काढला. भारतात हा शेवटचा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. पण प्रश्न नेहमी लांबीचाच असतो असे नाही. अमेरिकी निर्माता टिंबालँड याच्याविरुद्धच्या खटल्यात लताबाईंच्याच आवाजाचा सुमारे एक सेकंद होता. २०११ मध्ये सारेगामा तो हरली, कारण तो आवाज ज्यातला होता त्या ‘आराधना’ चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा चालू हक्क करारानुसार तिच्याकडे नव्हता. उचल किती लांब होती, हा प्रश्न तिथे निर्णायक ठरला नाही.

विदर्भात खरी अडचण याच करारांची आहे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी भीमगीतांच्या कॅसेटांचे स्टॉल लागत. कॅसेटचा जमाना संपला तेव्हा त्या काढणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या बंद पडल्या, आणि गायकाने कसल्या कागदावर सही केली होती हे घरच्यांनाही सांगता येत नाही. मिरवणुकीसाठी त्या आवाजांवर आज नवे ठेके चढवले जातात. मालक सापडत नसेल तर कलम ३१ अ प्रमाणे परवान्यासाठी अर्ज करता येतो. कवीने हक्क विकला असला, तरी विपर्यासाविरुद्धचा त्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे कायम राहतो आणि वारसांनाही तो बजावता येतो. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. कलम ६२ मुळे नागपुरात राहणारा हक्कदार नागपूरच्याच जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, प्रतिवादी कुठलाही असो.