दूरदृश्य परिषदेतील भारव्यवस्थापन
निरनिराळ्या ठिकाणी असलेल्या व्यक्तींना परस्परांचे बोलणे ऐकत व चेहरे पाहत ज्या व्यवस्थेद्वारे चर्चा करता येते, तीस दूरदृश्य परिषद किंवा व्हिडिओ कॉन्फरन्स म्हणतात. अशा परिषदा चालविणाऱ्या सर्व्हरांच्या समूहाची क्षमता मर्यादित असते. ती संपत आली असता नवा कॉल नाकारावा, थांबवून ठेवावा, दुसऱ्या सर्व्हरकडे वळवावा, की चित्राची प्रत उतरवून सामावून घ्यावा, हा या व्यवस्थेतील मूलभूत प्रश्न होय.

या प्रश्नाचे मूळ दूरध्वनीच्या इतिहासात आहे. आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) या डॅनिश गणितज्ञांनी कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करीत असताना त्याचा संभाव्यता सिद्धांताच्या साहाय्याने अभ्यास केला. सर्व ग्राहक एकाच वेळी बोलत नसल्याने प्रत्येकासाठी स्वतंत्र वाहिनी राखून ठेवावी लागत नाही. ठराविक वाहिन्या असताना किती कॉल नाकारले जातील व रांग ठेवल्यास किती थांबावे लागेल, हे काढण्याची त्यांची सूत्रे १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. विखुरलेल्या लहान गटांपेक्षा तेवढ्याच वाहिन्यांचा एक मोठा गट अधिक भार पेलतो, हा त्यांतून निघणारा निष्कर्ष सर्व्हर समूहांनाही लागू पडतो. भारतातील ट्रंक कॉलची पद्धत हे रांगेचे परिचित उदाहरण होय. तीत ‘अर्जंट’ व ‘लाइटनिंग’ कॉलना जादा आकार घेऊन अग्रक्रम मिळे.

चित्रासह संभाषणाची ‘पिक्चरफोन’ सेवा अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १९७० मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. परंतु ती फारशी रुजली नाही. संगणकीय जालांवरील परिषदांसाठी १९९६ मध्ये एच. ३२३ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात कॉल जोडण्यापूर्वी द्वारपाल यंत्रणेची अनुमती घेण्याची तरतूद होती. अनेकांची चित्रे एकत्र करणाऱ्या मध्यवर्ती यंत्राची क्षमता भरली की नवा कॉल नाकारला जाई.

पुढे चित्रे एकत्र न करता ती केवळ पुढे पाठविणारे सर्व्हर प्रचारात आले. त्यांवरील गणनाकार्य कमी झाले, पण प्रवाहांची संख्या झपाट्याने वाढते : प्रत्येकाचे चित्र इतर सर्वांना पाठविल्यास १० जणांच्या परिषदेत ९० आणि २० जणांच्या परिषदेत ३८० प्रवाह बाहेर जातात. यावर उपाय म्हणून प्रत्येक चित्र अनेक प्रतींत घेऊन गरजेप्रमाणे हलकी प्रत पुढे पाठवितात आणि आवाजाला चित्रापेक्षा अग्रक्रम देतात. सर्व्हर भरल्यास नवे सहभागी दुसऱ्या सर्व्हरवर घेऊन दोन्ही सर्व्हर परस्परांस जोडतात. सहभागींना परिषद एकच भासते. काही क्षमता राखीवही ठेवावी लागते. समान क्षमतेचे चार सर्व्हर प्रत्येकी ७५ टक्के भरलेले असताना एक बंद पडला, तर उरलेले तीन त्याचा भार जेमतेम पेलू शकतात.

कोव्हिड-१९ च्या साथीत या तत्त्वांची कसोटी लागली. झूम कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार तिच्या बैठकांतील रोजचे सहभाग डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होते; एप्रिल २०२० मध्ये ते ३० कोटींवर गेले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी न्यायालयीन कामकाज दूरदृश्य पद्धतीने चालविण्याबाबत निर्देश दिले. शाळा व न्यायालये या व्यवस्थेवर अवलंबून राहू लागल्यावर कॉल नाकारला जाणे ही केवळ गैरसोय उरली नाही. त्यामुळे शिकण्याची किंवा म्हणणे मांडण्याची संधीच हुकू शकते. म्हणून चालू संभाषण न तोडणे आणि चित्र गेले तरी आवाज टिकविणे, यांस या व्यवस्थेत विशेष महत्त्व आहे.