नळी की डिंक?

गालगुंड झाले की कानाच्या पाळीखाली सूज दिसते. ती पॅरॉटिड या सर्वांत मोठ्या लाळग्रंथीची असते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी चेता याच ग्रंथीतून फांद्यांसारखी पसरत जाते. ग्रंथीत गाठ झाली तर या फांद्या सांभाळत गाठ काढावी लागते. फांदी दुखावली तर डोळा नीट मिटत नाही, ओठ वाकडा होतो. गाठ निघाल्यावर त्वचेखाली पोकळी उरते. तिच्यात रक्त, रक्तद्रव आणि उरलेल्या ग्रंथीतली लाळ साठते. या साठ्याचे काय करायचे?

जुने उत्तर म्हणजे नळी. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये शासेन्याक यांनी मऊ रबरी नळीचा पुरस्कार केला. १८७१ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी राणी व्हिक्टोरियाच्या काखेतले गळू कापले. पू वाहून जावा म्हणून त्यांनी कार्बोलिक फवाऱ्याच्या रबरी नळीचाच तुकडा तिथे बसवला. १९५४ मध्ये रेदाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद जखमेतला द्रव शोषून घेण्याची पद्धत मांडली. शोषणामुळे त्वचा आतल्या उतींना टेकते आणि पोकळी मिटते. मात्र नळी असेपर्यंत रुग्णाला बहुधा रुग्णालयात राहावे लागते आणि ती काढताना दुखतेही.

मग त्वचा आतून चिकटवूनच टाकली तर? असा डिंक शरीराकडे आहेच. जखम झाली की रक्तद्रवातल्या फायब्रिनोजेनपासून थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनचे तंतू बनवते. रक्तस्राव थांबवण्यासाठी फायब्रिनची भुकटी वापरल्याचे बर्गेल यांनी १९०९ मध्ये नोंदवले होते. १९४० मध्ये यंग आणि मेडावर या ऑक्सफर्डच्या प्राणिशास्त्रज्ञांनी तुटलेल्या चेतांची टोके रक्तद्रवाने चिकटवली. १९४४ मध्ये त्वचारोपणासाठी फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र वापरले गेले. पण जोड कच्चा राहिला, कारण रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये फायब्रिनोजेन असते फक्त २ ते ४ मिलिग्रॅम.

हे प्रमाण वाढवायला हवे होते. १९७२ मध्ये व्हिएन्नाच्या जबडा व चेहरा शल्यविशारद हेलेन मात्रास यांनी संहत फायब्रिनोजेन वापरून प्राण्यांच्या चेता टाक्यांशिवाय जोडल्या. त्यानंतर युरोपात दोन पिचकाऱ्यांचा तयार डिंक आला: एकीत फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन. त्यात फायब्रिनोजेनचे प्रमाण रक्तद्रवाच्या वीसपटीहून अधिक असते.

पण हे फायब्रिनोजेन अनेक दात्यांच्या एकत्र केलेल्या रक्तद्रवातून काढलेले असे. एक दाता बाधित असला तरी सारा साठा दूषित होई. कावीळ पसरण्याच्या भीतीने अमेरिकेने १९७८ मध्ये अशा फायब्रिनोजेनचे परवाने रद्द केले. दात्यांची तपासणी आणि विषाणू निष्क्रिय करण्याच्या पद्धती आल्यावर, १९९८ मध्ये तिथे या डिंकाला परवानगी मिळाली.

लाळग्रंथीच्या शस्त्रक्रियेत डिंक वापरल्यावर स्राव कमी झाला, रुग्ण लवकर घरी गेला, असे काही अभ्यास सांगतात. सर्वच अभ्यासांत तसा फायदा दिसलेला नाही, आणि डिंक महागही आहे. शिवाय वाहती रक्तवाहिनी डिंकाने बंद होत नाही, ती बांधावीच लागते.

रक्त कसे गोठते हे शिकवताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: दोन द्रव वेगवेगळ्या पिचकाऱ्यांत का ठेवतात? उत्तर त्यांच्या पाठ्यपुस्तकातच आहे.