उल्केला पाणी पाजताना

टोकियो, 1898. भट्टीभोवती पेंढ्याचा पवित्र दोर बांधलेला आहे आणि तुम्ही त्याच्या आत उभे आहात. भरदिवसा अंधार केलाय, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात फसवतो. तलवारी घडवणारे ओकायोशी कुनिमुने भात्याचा दांडा मागेपुढे करताहेत. कोळशातून बाहेर येतो तो तुकडा कुठल्याही खाणीतला नाही, आभाळातला आहे.

ऐरणीवर घण बसतो. घाव तुमच्या दातांत जाणवतो. नुसत्या उल्केची तलवार होत नाही, हे इथे शेजारी उभं राहिल्यावरच पटतं. तिच्यात निकेल आहे, कार्बन जवळपास नाही. पाणी पाजलं तरी ती मऊच राहणार. म्हणून कुनिमुने तिच्यात तामाहागाने मिसळतात, लोहवाळू वितळवून केलेलं जपानी पोलाद. घडी घालायची, ठोकायची, पुन्हा घडी. (जहांगीर बादशहानेही 1621 साली जालंधरजवळ पडलेल्या उल्केची पाती घडवून घेतली होती. त्याच्या कारागिरानेही तीन भाग उल्का आणि एक भाग साधं लोखंड घेतलं.)

दगडाचा आधीचा प्रवास ऐकाल तर हसाल. 1890 मध्ये तोयामा भागातल्या कामिइची नदीच्या पात्रात तो सापडला. बावीस किलोंहून जड. एवढ्या वजनाचं करायचं काय? लोणच्याच्या पिंपावर दाब म्हणून ठेवला! पुढे तपासणीत ती लोह-उल्का ठरली आणि एनोमोतो ताकेआकींनी ती विकत घेतली.

हा माणूस साधा नव्हे. शोगुनच्या बाजूने लढताना त्यांनी होक्काइदोतला हाकोदातेचा किल्ला शेवटपर्यंत धरून ठेवला, हरल्यावर कैद भोगली आणि ज्या सरकारशी लढले त्याचेच पुढे राजदूत नि मंत्री झाले. रशियात राजदूत असताना त्यांनी झारच्या संग्रहातली उल्केची तलवार पाहिली होती. तशी तलवार घडवून घ्यायची इच्छा इतकी वर्षं मनात होती. आता त्यांना हवी आहेत अशीच पाती, त्यातलं एक युवराज योशिहितोंना भेट द्यायला. जपानी घरांत छोटी कट्यार राखणीसाठी, ताईतासारखी ठेवायची रीत होती. तोच मान या लोखंडाला, पण दरबारी थाटात.

पातं पाण्यात जातं, चर्रर्र होतं. पुढे घासून चकाकी येते, तसा लाकडाच्या रेघांसारखा नक्षीचा पोत उमटतो. ती नक्षी कोरलेली नाही, दोन लोखंडांच्या घड्यांतून आपोआप आलेली. माझ्या मते ताईत म्हणायचंच तर या रेघांना म्हणावं. आभाळाचं लोखंड एकटं काही राखू शकलं नसतं.

तिथून थेट आजच्या टोकियोत या. एनोमोतोंनी 1891 साली स्थापन केलेल्या शेतकी विद्यापीठाकडे यातलं एक लांब पातं आहे. आणखी एक छोटं, होक्काइदोतल्या ओतारूच्या र्‍यूगू देवळात. दोन्हीकडे जायला मिळालं, तर पोत जवळून पाहा.