मुंजा : पिंपळावरचा आणि मानवतचा

(१/१८)
२०२४ या एकाच वर्षी मुंजा दोन वेगळ्या रूपांत पडद्यावर अवतरला. ७ जूनला ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. कोकणातल्या या भुताला पाहून प्रेक्षक किंचाळले आणि खळखळून हसलेही. ४ ऑक्टोबरला ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी वेबमालिका आली. तिच्यातले भय भुताचे नव्हते, भुताच्या नावाने पडलेल्या खुनांचे होते. लोकसमजूत एकच, पण भयाच्या वाटा दोन. त्या वाटा कोठून आल्या आणि मराठवाड्यात त्या एकमेकींना कोठे छेदतात, याचा हा धागा.

(२/१८)
प्रथम मुंजा म्हणजे कोण, ते पाहू. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वीच जो मुलगा मरण पावला त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर वस्ती करतो, अशी जुनी समजूत आहे. अनेक गावांत पिंपळाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला मुंजोबा आढळतो. हा मुंजा त्रास देतो, वाट चुकवतो; पण नैवेद्य दाखवला की शांतही होतो. लोकमानसातले हे भूत भयंकर असण्यापेक्षा हट्टी पोरासारखे अधिक आहे.

(३/१८)
याच मुंजाच्या नावाने मराठवाड्याच्या इतिहासातले एक काळे पान लिहिले गेले. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. मृतांत पाच मुली साधारण दहा वर्षांच्या, एक तान्हे मूल आणि चार प्रौढ स्त्रिया. एका पुरुषाचाही त्यांत समावेश नव्हता. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र सोसत होता; त्यातच दिवसाढवळ्या मुली नाहीशा होऊ लागल्या.

(४/१८)
फिर्यादी पक्षाने न्यायालयात मांडलेली कथा अशी : एका वाड्यातल्या पिंपळाखाली मुंजा आहे, त्याला कुमारिकांचे रक्त वाहिले तर मूल होईल आणि गुप्तधन सापडेल, असे एका मांत्रिकाने सांगितले, आणि त्यातून हत्यांची साखळी सुरू झाली. स्थानिक तपास अपुरा पडल्यावर मुंबईच्या गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना पाचारण करण्यात आले. १९६८ मध्ये मुंबईतल्या रमन राघव प्रकरणाचा छडा लावणारे अधिकारी म्हणून त्यांचे नाव तेव्हा सर्वांना ठाऊक होते.

(५/१८)
आता त्याच काळातल्या पडद्याकडे वळू. मानवतचे पहिले प्रेत सापडले त्याच १९७२ साली रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ प्रदर्शित झाला. मानवतचे अखेरचे खून होण्याच्या नऊ दिवस आधी, २६ डिसेंबर १९७३ रोजी, अमेरिकेत ‘द एक्झॉर्सिस्ट’ झळकला. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ आला. म्हणजे भयपटाच्या दोन प्रमुख परंपरांचे हे तीन टप्पे मानवतच्या घटनांच्या अगदी शेजारी उभे आहेत.

(६/१८)
पहिली परंपरा अतिमानवी भयाची. रामसे कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) तिकीटबारीवर पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात ते दृश्य प्रेक्षकांना भलतेच आवडल्याचे या कुटुंबाच्या ध्यानात आले. तेथून भयपटांचा घरगुती कारखानाच उभा राहिला. जुना वाडा, धुके, करकरणारे दार, तळघर आणि शेवटी त्रिशूळ किंवा मंत्र. ‘पुराना मंदिर’ने (१९८४) हा साचा गावोगावच्या तंबू सिनेमांपर्यंत पोहोचवला.

(७/१८)
दुसरी परंपरा माणसाच्या हिंसेची. १९५७ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एड गीन नावाच्या इसमाला अटक झाली. त्याच्या घरात मानवी अवशेषांपासून बनवलेल्या वस्तू सापडल्या. या प्रकरणाची छाया रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीवर पडली आणि तिच्यावरून हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’ केला. ‘टेक्सास चेन सॉ’लाही बीज मिळाले ते गीनचेच, तरी ही घडलेली घटना आहे, अशी त्याची जाहिरात झाली. प्रत्यक्षात त्या चित्रपटाचे कथानक कल्पित होते. ‘हे खरे आहे’ हे सांगणे हाच तेथे भीती घालण्याचा उपाय होता.

(८/१८)
दोन्हींतला फरक रक्ताच्या प्रमाणाचा नाही. भुताला नियम असतात : ते रात्री येते, विशिष्ट जागी येते, विशिष्ट उपायाने जाते. प्रेक्षक दोन तास घाबरतो आणि भूत गाडले गेल्यावर निर्धास्त घरी जातो. माणसाच्या हिंसेला असा उतारा नसतो. खुनी दिवसा हिंडतो, ओळखीचा असतो, आणि चित्रपट संपला तरी त्याच्यासारखी माणसे रस्त्यावर असतातच.

(९/१८)
अतिमानवी चौकट हिंसेची धार कशी बोथट करते, याचे मराठीतले लाडके उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३). तात्या विंचू हा मुळात निर्ढावलेला खुनी. मरता मरता मंत्राच्या बळावर त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) सुचलेली ही कल्पना रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाने पूर्ण मराठी केली. खुनी बाहुला झाला आणि एका पिढीचा आवडता झाला. माणसाच्या देहात राहिलेल्या खुन्याच्या वाट्याला असे प्रेम क्वचितच आले असते.

(१०/१८)
मानवतच्या प्रकरणात मात्र ही सोपी विभागणी मोडते. तेथे भूत आणि खुनी यांपैकी एक निवडण्याची सोयच नाही. फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार भुतावरचा विश्वास हेच खुनाचे कारण होते. भानामती, करणी, गुप्तधन हे शब्द मराठवाड्यात केवळ गोष्टींत राहिलेले नाहीत. त्यांच्यापायी माणसे मारली, वाळीत टाकली, छळली गेली आहेत. म्हणून या भूमीवर घडणारी कथा सांगताना दिग्दर्शकापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो : पडद्यावर मुंजा खरा दाखवला, तर त्याला बळी देणाऱ्याचे म्हणणे खरे ठरत नाही काय?

(११/१८)
हा प्रश्न सर्वप्रथम गांभीर्याने घेतला तो ‘आक्रीत’ने (१९८१). अमोल पालेकर यांचे दिग्दर्शक म्हणून हे पदार्पण. पटकथा विजय तेंडुलकरांची. मानवतची नावे बदलली, घटनांचा आधार राखला. प्रमुख भूमिका अमोल आणि चित्रा पालेकर यांच्या. हा विषय रामसे पद्धतीने रंगवणे सहज शक्य होते. पटकथेने ती वाट टाळली आणि सत्ता, वासना, लोभ व अंधश्रद्धा यांच्या गाठी दाखवल्या. फ्रान्समधल्या नांत येथील महोत्सवात चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

(१२/१८)
मग वास्तववादी वाटच सरळ म्हणावी काय? येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने मानवतचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ मध्ये न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी निकालपत्र लिहिले. काही आरोपींची दोषसिद्धी टिकली. परंतु फिर्यादी पक्षाने ज्यांना सूत्रधार म्हटले होते त्या दोघांची उच्च न्यायालयाने केलेली मुक्तता कायम राहिली. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा हवा, हे तत्त्व निर्णायक ठरले. तपासाच्या भरात बळाचा वापर करण्याच्या मोहाबद्दल पोलिसांना ताकीदही त्याच निकालपत्रात आहे.

(१३/१८)
म्हणजे मानवतची जी कथा सर्वांना पाठ आहे ती बव्हंशी फिर्यादी पक्षाची आहे. न्यायालयाने ती सगळीच्या सगळी स्वीकारलेली नाही. ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकावर आधारित आहे. तपास अधिकाऱ्याचे पुस्तक हे मोलाचे साधन खरे, पण ते एका बाजूचे साधन आहे. भूतपट माणसाचा दोष भुतावर ढकलतो. वास्तववादी पट तो दोष एखाद्या माणसाच्या माथी पक्का करतो. भूत अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही. माणसांना आणि त्यांच्या वारसांना त्याच गावात राहायचे असते.

(१४/१८)
राज्यसंस्थेलाही या दोन भयांचा हिशेब करावा लागला. १९५२ च्या चलचित्र कायद्याखाली १९९१ मध्ये निघालेली मार्गदर्शक तत्त्वे निरर्थक आणि टाळता येण्याजोगी हिंसा, क्रौर्य व भीषण दृश्ये यांना मज्जाव करतात. पण हे प्रमाणपत्र चित्रपटगृहासाठी. ओटीटीला ते लागत नाही. तेथे २०२१ च्या नियमांनुसार कंपनीच वयोगट ठरवते. परिणाम असा की भूत चित्रपटगृहात राहिले आणि वास्तव हिंसेचा तपशील मोबाइलच्या पडद्यावर, एकट्याने पाहण्यासाठी, घरात आला.

(१५/१८)
अलीकडच्या काही चित्रपटांनी दोन्ही वाटा जोडल्या. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) गर्भवती नायिका उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात येते. भुते तेथे आहेत. मात्र खरे पाप मुली नकोशा झालेल्या घराचे आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४, तर बीड जिल्ह्यात अवघी ८०७ होती. हा आकडा ठाऊक असलेल्या मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला त्या फडातली भुते परकी वाटणे कठीण.

(१६/१८)
‘तुंबाड’ (२०१८) गुप्तधनाकडे वळतो, म्हणजे मानवतच्या अर्ध्या कारणाकडे. हस्तर राक्षस पडद्यावर खरा आहे, परंतु वाड्यात पुनःपुन्हा उतरणारा माणूसच. कायद्याने हीच सांगड वेगळ्या भाषेत घातली. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. भूत आहे की नाही, यावर कायदा वाद घालत नाही. त्याच्या नावाने काय केले, एवढेच विचारतो.

(१७/१८)
माणसाच्या हिंसेची सर्वांत मोठी दहशत मात्र मराठी प्रेक्षकाने भयपटात अनुभवलीच नाही. ‘सैराट’च्या (२०१६) अखेरीस संगीत थांबते, खून कॅमेऱ्याआड होतो, आणि एक मूल रक्ताची पावले उमटवत बाहेर येते. डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यात प्रेमविवाह केलेल्या एका तरुण मुलीचा खून झाला. आरोप होता माहेरच्या अगदी जवळच्या माणसांवर. अशा बातम्यांच्या मथळ्यांत ‘सैराट’ हा शब्द एव्हाना रूढ झाला होता. पूर्वी न समजणाऱ्या आजाराला भुताचे नाव मिळे. आता समजूनही न सोसणाऱ्या क्रौर्याला चित्रपटाचे नाव मिळू लागले. नाव मिळाले की प्रश्न संपल्यासारखा वाटतो, ही दोन्हीकडची फसगत सारखीच.

(१८/१८)
सारांश असा. भूतपट हलका आणि वास्तव हिंसेचा पट खरा, ही वाटणी मराठवाड्याच्या इतिहासात टिकत नाही. भूतपटाला विचारायचे ते हे की, भुताच्या आड कोणता माणूस लपवला आहे? वास्तववादी पटाला विचारायचे ते हे की, ज्याला खुनी म्हणून दाखवले तो कोणत्या पुराव्यावर? आणि दोघांनाही विचारायचे ते हे की, मारल्या गेलेल्या मुलींच्या वाट्याला कथेत किती जागा आली? मानवतच्या कथेत मांत्रिक, वाडा, पिंपळ, हुशार अधिकारी सगळे लक्षात राहतात. त्या पाच मुली बहुतेकांच्या लेखी अजून एक आकडाच आहेत.

#इतिहास #मराठवाडा #मराठीचित्रपट