पांढऱ्या सोन्याचे एकच गिऱ्हाईक

बीड जिल्ह्यातल्या माझ्या पिढीला सरकार पहिल्यांदा जवळून दिसले ते कापसाच्या काट्यावर. दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू झाली की घरातली एक खोली आढ्यापर्यंत भरायची आणि आम्ही पोरे त्यातच झोपायचो. मग अब्बा गाडी जुंपून तालुक्याच्या खरेदी केंद्रावर निघत. रांगेत दोन-दोन रात्री जात. गाडीखाली भाकरी, गाडीशेजारी नमाज.

ही रांग कापूस एकाधिकार खरेदी योजनेची. राज्याने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून शेतकऱ्याचा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, असे ठरले. यामागचा हेतू वाईट नव्हता. उभ्या पिकावर उचल देणारा व्यापारी सुगीत भाव पाडायचा आणि वर काट्यातही मारायचा. त्याच्या तावडीतून कुणबी सुटावा, त्याला हमीभाव मिळावा, कापूस पिंजून-दाबून गाठी विकल्यावर नफा उरला तर त्यातलाही वाटा त्याला मिळावा, अशी ती कल्पना होती. १९७२ च्या दुष्काळात होरपळलेल्या मराठवाड्याला सरकारचा हात हवासाच वाटत होता. भाव कोसळलेल्या वर्षी या हाताने अनेक घरे सावरली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण गिऱ्हाईक एकच उरले की विकणाऱ्याची जीभ जड होते. एका वर्षी ग्रेडरने आमचा माल खालच्या प्रतीत टाकला. शेजाऱ्याचा कापूस मात्र वरच्या प्रतीत गेला. अब्बा म्हणाले, "साहेब, बांध एक, बी एक, मग माझाच माल हलका कसा?" उत्तर आले, "परवडत नसेल तर गाडी परत न्या." पण परत न्यायची कुठे? दुसरा काटाच नव्हता. चुकाऱ्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागले, ते वेगळेच.

शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी स्वतःच्या रानातला कापूस सीमेपलीकडे नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरायचा. नाक्यांवर गाड्या अडवल्या जायच्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या बंदीविरुद्ध आवाज उठवला, तो यामुळेच. दुसरीकडे, भाव बाजार पाहून ठरण्याऐवजी मतांकडे पाहून ठरू लागला आणि योजनेचा तोटा हजारो कोटींवर गेला. १९९१ नंतर देशात परवाने सैल होत गेले, तरी आमच्या कापसाचे दार बंदच राहिले. अखेर २००२ च्या सुमाराला खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि ही मक्तेदारी संपली.

दार उघडले म्हणून सगळे सुखाचे झाले, असेही नाही. व्यापारी रोख देऊ लागला, पण मंदी आली की त्याचा हात आखडतो. मग तोच शेतकरी हमीभावासाठी भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर रांग लावतो.

मोठ्या शहरांत वाद चालतो, सरकारने बाजारात असावे की नसावे. माजलगाव, गेवराई, धारूरच्या कापूसवाल्याने या वादाचे उत्तर तीस वर्षे भोगले आहे. सरकार शेवटचे गिऱ्हाईक असेल तर तो आधार, एकमेव गिऱ्हाईक झाले तर तो मालक.

आता नाके नाहीत, पण हस्तक्षेप संपलेला नाही. त्याला आता काटाही लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, वेचणी तोंडावर असताना, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि पुढे ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, त्यांची अडचणही खरी होती. पण त्या निर्णयाने ज्याच्या बोंडाचा भाव ठरणार होता, त्याला कोणी विचारले?

अब्बांच्या वेळी निदान समोर ग्रेडर तरी असायचा. त्याला विचारता यायचे, "माझाच माल हलका कसा?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)