पाण्याची वाट वाचताना

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याच्या तलावाकाठी उभे राहिल्यावर भोवतालची जमीन सपाटच वाटते. पाण्याला मात्र तिचा बारीकसा कलही कळतो. या पठारावरून उत्तरेला वळलेले पाणी पैनगंगेतून वर्धेला आणि पुढे प्राणहितेला मिळते. दक्षिणेकडच्या डोंगरांपलीकडे पडलेले पाणी कडेम नदीतून, कुंतलाच्या धबधब्यावरून, गोदावरीत जाते. या दोन्ही वाटा पुन्हा भेटतात त्या कालेश्वरमच्या संगमावर. त्या नेमक्या कुठे फुटतात, हे उंचीच्या आकड्यांवरून शोधता येते.

पूर्वी यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटचाच आधार असे. समोच्च रेषांचे टोक जिकडे वळते तिकडे ओढ्याचा उगम, हा पहिला धडा आजही उपयोगी पडतो. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 मुळे भारताची स्वतःची उंचीची माहितीही तयार झाली. ती ‘भुवन’ संकेतस्थळावर मिळते आणि क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते.

पद्धत सोपी आहे. जमिनीचे साधारण 30 मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची दिलेली असते. संगणक प्रत्येक चौकोनाची त्याच्या आठ शेजाऱ्यांशी तुलना करतो. उंचीतला फरक भागिले अंतर म्हणजे उतार. जिकडे तो सर्वाधिक, तिकडे पाणी. कोपऱ्यातल्या शेजाऱ्याचे अंतर सुमारे 42 मीटर धरावे लागते, हे वाचकांनी विसरू नये. मग वरून किती चौकोनांचे पाणी येते ते मोजत गेले, की ओढे आणि पाणलोटाच्या सीमा नकाशावर उमटतात.

मात्र एक सावधगिरी हवी. पाणी अडू नये म्हणून संगणक आधी सगळे खड्डे बुजवतो, आणि त्यात तलावासारखा खरा खोलगट भागही सपाट होतो. महामार्गाचा भराव त्याला दिसतो, पण त्याखालची मोरी दिसत नाही. दाट सागवानात रडारला जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळची उंची मिळते. म्हणून नकाशा घेऊन पावसाळ्यात एकदा शिवारात जा, तिथल्या शेतकऱ्याला पाण्याची वाट विचारा. त्याने दाखवलेली वाट आणि पडद्यावरची रेषा जिथे जुळणार नाहीत, तिथली उंची पहिल्यांदा तपासा.